अकराव्या पानावरचं आभाळ

दुसऱ्यानं लिहिलेल्या गोष्टीत कंटाळा नेमका कुठून सुरू होतो, ते सांगणं हा माझा धंदा होता. भिलाईत हे कुणाला पटवून देणं सोपं नव्हतं. इथं 'काय करता' असं विचारणाऱ्याला उत्तरात पोलाद कारखान्यातलं डिपार्टमेंट हवं असतं. कोक ओव्हन, रेल मिल, अकाउंट्स. माझे यजमान अकाउंट्समध्ये होते, त्यामुळे त्यांचं उत्तर तयार असे. मी 'हस्तलिखितं पाहते' म्हटलं, की ही बाई पत्रिका बघते असा समज होई. एकदोघींनी मुलींच्या जन्मवेळासुद्धा आणून दिल्या. मी त्या परत केल्या, तर त्यांना वाटलं मला पत्रिकेत काही वाईट दिसलं असावं.

तर काम असं. लेखकाचं लिखाण प्रकाशकाकडे जातं. त्याला ते बरं वाटलं, पण पुरतं बरं वाटलं नाही, की तो ते माझ्यासारखीकडे पाठवतो. शुद्धलेखन तपासणारा माणूस वेगळा, तो माझ्यानंतर येतो. गोष्ट कुठं बसकण मारते, कुठं पळत सुटते, कोणतं पात्र तिसऱ्या प्रकरणात गावाला गेलं आणि लेखक त्याला परत आणायचं विसरला, हे मी पाहायचं. नागपूरचे प्रकाशक श्रीरंगराव मला कुरियरनं गठ्ठे पाठवत, आणि मी पेन्सिलीनं खुणा करून ते परत पाठवी. एवढ्या वर्षांत ते एकदाही भिलाईला आले नव्हते. भिलाईला पाहण्यासारखं काय आहे, असं ते म्हणत.

लेखकमंडळी घरीही येत. एका निवृत्त साहेबांनी आत्मचरित्र आणलं होतं. त्यात त्यांचं लग्न एका वाक्यात उरकलं होतं आणि एका पंपाची खरेदी प्रकरणभर चालली होती. मी म्हटलं, थोडं उलटं करू या. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "मॅडम, पंपाची फाईल माझ्याकडे पूर्ण आहे. लग्नाची नाही." सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला. शेवटी पंप राहिला, पण लग्नालाही चार पानं मिळाली, आणि ती त्या बाईंनी सांगून लिहवली. पुस्तकात वाचण्यासारखी तेवढीच पानं आहेत, असं माझं मत आहे.

या कामात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेग. एकटीनं वाचून तो कळत नाही, कारण संपादकाला वाचायचंच असतं, कंटाळा आला तरी. माझ्यासाठी हा प्रश्न तुरीच्या शेंगांनी सोडवला. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा येतात, त्यांच्या दाण्यांना आम्ही वैदर्भीय सोले म्हणतो. सोलेभात खायला काही वेळ लागत नाही, पण शेंगा सोलण्यात अख्खी दुपार जाते. म्हणून सेक्टरातल्या आम्ही चारपाच जणी माझ्या क्वार्टरच्या अंगणात सतरंजी टाकून बसतो. एकदा गप्पा संपल्या म्हणून मी हातातलं हस्तलिखित मोठ्यानं वाचायला घेतलं, आणि लक्षात आलं की गोष्ट रंगली की बायकांचे हात थांबतात. रटाळ झाली की हात भराभर चालतात आणि कुणीतरी भाजीचा भाव काढतं. तेव्हापासून हिवाळ्यात आलेला प्रत्येक गठ्ठा सतरंजीवर वाचून झाल्याशिवाय मी परत पाठवला नाही. समासात मी 'हात थांबले' किंवा 'हात चालू' असं लिही. श्रीरंगरावांना वाटे, ही संपादनशास्त्रातली काही परिभाषा असावी.

माझ्या सतरंजीवरच्या दोघी कायमच्या. शेजारच्या निर्मलाबाई, ज्यांचे यजमान ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झाले. त्या कमी बोलतात. आणि दुर्गच्या बोरसीहून ऑटोनं येणाऱ्या कुंदाताई, निवृत्त शिक्षिका. त्या दोघींच्या वाटचं बोलतात.

अशा एका हिवाळ्यात श्रीरंगरावांनी भुताची कादंबरी पाठवली. कुमारवयीन वाचकांसाठी. लिहिणारी मुलगी भिलाईचीच निघाली, म्हणून मी तिला घरी बोलावलं. पूर्वा नाव, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला खुर्सीपार. वडील ठेकेदाराकडून प्लँटमध्ये कामाला. त्यांनीच मोटरसायकलवरून आणून सोडलं. ते आत काही आले नाहीत. लिहिण्याबिहिण्यातलं आपल्याला कळत नाही, म्हणून फाटकातूनच नमस्कार करून परत गेले.

"मराठीत कावून लिहिलं?" मी तिला विचारलं. तिची पिढी घराबाहेर सगळी हिंदीत बोलते.

"हिंदीत भूत एकदम फिल्मी वाटते ना काकू. डरच नाही वाटत," ती म्हणाली. "आई मले लहानपणापासून मराठीतच भीती दाखवून राहिली. तो मेरे लिए भूत मराठीच बोलते."

मला पोरगी आवडली. कादंबरीची मात्र पंचाईत होती. चार मित्रमैत्रिणी, आणि रिकामं पडलेलं एक क्वार्टर. पाण्याचं कनेक्शन केव्हाच तोडलंय, तरी त्याच्या नळातून पाणी वाहतं. कल्पना छान होती. पण पहिली नव्वद पानं ही चौघं आत जायचं फक्त ठरवत होती. ठरवता ठरवता कोचिंगला जात होती, गुपचुप, म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी, खात होती, रुसत होती. मग शेवटच्या तीस पानांत दोघं गेले, एक वेडा झाला, भूत आलं आणि गेलं, त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

श्रीरंगरावांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "मुलगी हुशार आहे, पण वेग साफ विस्कटलेला आहे. हिवाळा संपेपर्यंत तिनं जमवलं तर ठीक. नाहीतर माझ्याकडे एक सराईत लेखक आहेत, ते नव्यानं लिहून देतील. नाव दोघांचं टाकू, त्यांचं आधी. आणि ते म्हणतात, गोष्ट एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी नेऊ. जुना बंगला वगैरे. कारखान्याच्या गावात भुताला कोण घाबरणार?"

मी हे पूर्वाला जसंच्या तसं सांगितलं. ती बराच वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत बसली.

"काकू, मले पुस्तक पाहिजे," ती म्हणाली. "लेकिन मग ते माझं नाही राहणार ना. माझं भूत खुर्सीपारचं आहे. त्याले थंडी नाही सहन होणार."

हसू आलं तरी मी हसले नाही, कारण तिचे डोळे भरले होते. त्या क्षणी मी ठरवलं की हे पुस्तक तिच्या एकटीच्या नावावर निघालं पाहिजे, आणि भूतही कुठं बदलीवर जाणार नाही.

दुसऱ्याच दिवशी कादंबरी सतरंजीवर आली. पूर्वा वाचत होती, आम्ही सोलत होतो. पहिल्या भागात टोपल्या बघता बघता भरल्या. गुपचुपचं वर्णन आलं तेव्हा कुंदाताईंनी विचारलं, "हा ठेला सुपेल्याच्या बाजारातला का गं? त्याचं पाणी चांगलं असते." शेवटच्या भागात तर इतकी धावपळ झाली की हात थांबायला फुरसतच मिळाली नाही.

"थांब माय," निर्मलाबाई म्हणाल्या. "मेला कोण?"

"दोघं मेले, आंटी. मागच्या पानावर."

"दोघं? मले तर एकच समजला."

मग आम्ही कापाकापी केली. गुपचुपच्या तीन प्लेटांची एक झाली, रुसवे निम्मे झाले, भुताला ऐसपैस वेळ मिळाला. सुधारलेला पहिला भाग मी श्रीरंगरावांना पाठवला आणि त्यांचा फोन आला.

"बाई, वेग अजून डळमळतोच आहे. पण ते अकरावं पान काय आहे? मागच्या खेपेला मी ते भरभर उलटलं असणार. मी भर दुपारी वाचत होतो, तरी उठून खिडकी लावली."

"अकरावं?" मी म्हटलं.

"हो. आणि मग पुढं त्याचं नाव नाही. मी आपला वाट पाहतोय, आता उलगडेल, मग उलगडेल. त्या नादात बाकीचं सगळं मला लांबण वाटलं. तुमच्या त्या पोरीला म्हणावं, असलं काही दाखवून मध्येच सोडून देऊ नये."

पूर्वाला बोलावून आम्ही अकरावं पान उघडलं. त्यावर एवढंच होतं:

'संध्याकाळी मी गच्चीवर पेरू खात होते. मग आभाळ लाल झालं. समोरच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, आईचे हात, सगळं लाल. आई दोरीवरचे कपडे काढत होती. कुणी वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं आभाळ पुन्हा काळं झालं. आई म्हणाली, खाली चल, वरण फोडणीला टाकायचं आहे.'

समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हात चालू. एक ओळ पुरे.' ते कापायचं पूर्वाकडून राहून गेलं होतं.

पूर्वानं ते दोनदा वाचलं. "काकू, इसमें क्या है? पेरू?"

मलाही आधी पेरूचाच संशय आला. आम्ही दोघींनी ते पान उलटसुलट वाचलं, त्याच्या आधीचं वाचलं, नंतरचं वाचलं. भीतीचं कुठं काही सापडेना. मग मला एकदम माझी भिलाईतली पहिली संध्याकाळ आठवली. अमरावतीहून नवी नवरी म्हणून आले होते. अंगणात उभी होते, आणि अर्धं आभाळ पेटलं. मी आतून बादली घेऊन पळत सुटले होते, आणि बाजूच्या क्वार्टरमधल्या बायका पोट धरधरून हसल्या होत्या.

"अगं, स्लॅग," मी म्हटलं.

ज्यांनी भिलाई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. भट्टीत लोखंड वितळतं तेव्हा त्याच्यावर मळ तरंगतो, तो स्लॅग. तो धगधगता मळ नेऊन ओततात, आणि तेव्हा अंधार पडलेला असेल तर आभाळ लाल होतं. जरा वेळानं विझतं. आता पूर्वीइतकं होत नाही, पण होतं. आम्ही कुणी त्याच्याकडे पाहत नाही. पूर्वानं ते लिहिलं कारण पेरू खाताना ते होतं, आणि मी ते कापायला निघाले कारण सतरंजीवरच्या एकाही बाईचा हात थांबला नव्हता. भिलाईच्या लेखिकेनं लिहिलेलं भिलाईच्या संपादिकेनं भिलाईच्या बायकांना वाचून दाखवलं होतं. आणखी काय होणार होतं?

मी श्रीरंगरावांना फोन करून सगळं समजावलं.

"म्हणजे आभाळ लाल होतं, आणि खरंच कुणी वर पाहत नाही?"

"रोजचं आहे. कशाला पाहायचं?"

"बाई, मी त्यालाच घाबरलो," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी मुद्दाम अंगणात जाऊन आभाळाकडे पाहत उभी राहिले. किती वर्षांनी, ते मलाही सांगता येणार नाही. आणि या धंद्यात किती जणांची काय काय आभाळं मी 'एक ओळ पुरे' म्हणून छाटली असतील, या विचारानं थोडी हळहळलेही.

पण पूर्वापुढचा प्रश्न सुटला नव्हता. नागपूरच्या माणसाला लाल आभाळाची भीती वाटते, हे कळलं. भिलाईच्या मुलीनं त्याचं करायचं काय? तिला तर त्यात काहीच वाटत नव्हतं, आणि जे आपल्याला वाटत नाही ते लिहिता येत नाही. पुढच्या बैठकीला तिनं सगळ्यांना विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? कुंदाताईंनी पाल सांगितली. कुणी वीजबिल सांगितलं. निर्मलाबाई नेहमीप्रमाणे खाली मान घालून सोलत होत्या. शेंगा संपत आल्या तेव्हा त्या आपण होऊन बोलल्या.

"आमचे हे फर्नेसले होते ना, तवा आभाळ लाल झालं का मी कुकर लावो. मले समजे, तिकडं सगळं ठीक चालू आहे, आता हे येतीन. एखाद्या दिवशी आभाळ नाही झालं लाल, का मी तशीच उभी राहो. कुकर हातात घेऊन."

"मग?" पूर्वानं विचारलं.

"मग काय. येत ते. पण येतवरी मी काही बसो नाही."

त्या दिवशी पूर्वा सोलेभात न खाता घरी गेली. नंतर तिचा फोन नाही, काही नाही. मला वाटलं पोरीनं नाद सोडला. हिवाळा उतरायला लागला, बाजारात शेंगा जून येऊ लागल्या, आणि श्रीरंगरावांनी कळवलं की ते स्वतःच येत आहेत. कादंबरी ऐकतील, आणि नाही पटली तर त्या सराईत लेखकांकडे द्यायच्या संमतीचा कागद सोबत आणतील, म्हणजे पूर्वाची सही तिथंच घेता येईल. मी पूर्वाला निरोप दिला. ती आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि हातात जाडजूड गठ्ठा होता.

"काकू, तुम्ही आधी नका वाचू," ती म्हणाली. "सबके साथ सुनो."

श्रीरंगराव दुपारी उतरले. मी त्यांना सतरंजीवर बसवलं आणि पुढ्यात शेंगांचं ताट ठेवलं. ते नागपूरचे, त्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही. बॅग त्यांनी मांडीजवळ ठेवली होती. त्यात कागद आहे हे सगळ्या जणींना ठाऊक होतं, आणि कुंदाताई त्या बॅगेकडे तिच्यावर पाल बसल्यासारखं बघत होत्या.

पूर्वा वाचायला लागली. तिनं लाल आभाळ कापलं नव्हतं. उलट ते पुस्तकभर पसरलं होतं. पहिल्यांदा ते वेळेवर होतं, आई कपडे काढते, वरण फोडणीला पडतं. मग चौघं रिकाम्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत जातात, आणि त्या संध्याकाळी आभाळ जरा उशिरा लाल होतं. मग ती खिडकीतून आत डोकावतात, आणि आणखी उशीर होतो. गुपचुप होतं, कोचिंग होतं, रुसवेही होते, पण आता त्या सगळ्यांतून आपण आभाळाची वाट पाहत होतो. मी पेन्सिल खाली ठेवली. कुंदाताई भाजीचा भाव विसरल्या.

अंधार पडला म्हणून मी ओट्यावरचा दिवा लावला. पूर्वा मध्यावर आली असेल, आणि आमच्या डोक्यावरचं आभाळ खरोखरच लाल झालं. शेवग्याचं झाड लाल, सतरंजी लाल, श्रीरंगरावांचा पांढरा सदरा लाल. ते ताटासकट उठून उभे राहिले. "आग," ते म्हणाले, "अहो बाई, आग लागली."

कुणी वर पाहिलं नाही. पूर्वानं फक्त बोट ओळीवर ठेवून वाचन थांबवलं.

"बसा हो," कुंदाताई म्हणाल्या. "शेंगा सांडल्या सगळ्या."

मी हसून हसून बेजार झाले. निर्मलाबाईंना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिलं. श्रीरंगराव मात्र तसेच मान वर करून उभे होते, आणि ते आभाळ विझेपर्यंत बसले नाहीत. मग स्वतःही हसले आणि सांडलेल्या शेंगा गोळा करत म्हणाले, "वाच पोरी."

शेवटचं प्रकरण आलं. नायिका क्वार्टरमधून एकटी बाहेर पडते, घरी धावत येते, गच्चीवर जाते. सगळं जागच्या जागी आहे. आई कपडे काढतेय. बाबांची ड्यूटी सुटायची वेळ झाली आहे. पूर्वानं आवाज न चढवता वाचलं, 'मी वर पाहिलं. आभाळ काळं होतं. आईनं सगळे कपडे काढले, घड्या घातल्या, आणि मग तिनंही वर पाहिलं. शेजारच्या गच्चीवरच्या आंटीनं पाहिलं. त्यांच्या पलीकडच्यांनी पाहिलं. सगळं खुर्सीपार वर पाहत उभं होतं, आणि आभाळ काळंच राहिलं.'

सतरंजीवर एकही शेंग वाजेना. निर्मलाबाईंच्या बोटांत एक अर्धी उघडलेली तशीच होती. मला माझ्या मानेवर काटा जाणवला, आणि त्याचबरोबर इतका आनंद झाला की काय सांगू. श्रीरंगरावांचे हात तेवढे चालू होते. त्यांच्या लेखी काळं आभाळ म्हणजे साधं आभाळ. मग त्यांनी मान वर करून आम्हा बायकांचे चेहरे पाहिले, एकेक करून सगळे, आणि त्यांचेही हात थांबले.

कुणी काही बोलायच्या आत फाटकाकडून आवाज आला.

"मंग? पुढं काय होते?"

पूर्वाचे बाबा होते. तिला न्यायला आले होते. हॉर्न वाजवायचं सोडून ते केव्हापासून फाटकाला धरून उभे होते कोण जाणे. प्लँटचं हेल्मेट अजून कोपरात लटकत होतं. मुलीनं लिहिलेलं त्यांनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पूर्वा उठली. पोरगी मोठी धोरणी. बाबांना उत्तर देताना तिनं पाहिलं श्रीरंगरावांकडे. "ते पुस्तकात वाचा ना, बाबा. निघालं तर."

श्रीरंगरावांनी बॅग उघडली. संमतीचा कागद काढला, त्याची चौकोनी पुडी केली आणि त्यात मूठभर सोले बांधून घेतले. "उन्हाळ्यात निघेल," ते तिच्या बाबांना म्हणाले. "एकच नाव राहील. हिचं."

बाबांनी हात जोडले. त्यांना किती समजलं ते मला माहीत नाही. पूर्वानं गठ्ठा छातीशी धरून सगळ्या जणींना वाकून नमस्कार केला, कुंदाताईंनी तिच्या ओंजळीत सोले कोंबले, आणि ती पळत फाटकाबाहेर गेली. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, पण गेल्याचा येईना. मी डोकावून पाहिलं. बाबांनी गाडी पुन्हा बंद केली होती. ते सीटवर मागं वळून बसले होते, पूर्वा रस्त्यावर उभी राहून हातवारे करत पुढचं सांगत होती, आणि ते तिला म्हणत होते, "हळू सांग माय, हळू सांग. मले घाई नाही."